कोलायटिस: आव, रक्त आणि अंदाजाने घेतलेल्या गोळ्या

पोटात मुरडा आला, आव पडली, त्यात रक्ताची रेघ दिसली की आपल्याकडे निदान घरातच होतं. मोठ्या माणसाला मूळव्याध, लहानाने ‘बाहेरचं खाल्लं’, आणि महिनोन्महिने चाललं तर ‘जुना अमिबा’. मग मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलची पट्टी येते. कधी तिने बरं वाटतंही, आणि घोळ तिथेच वाढतो.

मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आली की तो कोलायटिस. ही सूज जंतूंमुळे येते, तशी शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटल्यानेही येते. कळा, जुलाब, रक्त दोन्हींत सारखंच. उपचार मात्र इतके वेगळे की एकीचं औषध दुसरीत जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच.
मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं, शौचाच्या शेवटी थेंबथेंब पडतं. आव, सारखी घाई, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, उतरत चाललेलं वजन ही तिची लक्षणं नव्हेत.

गैरसमज: आव म्हणजे अमिबा.
अमिबा आपल्याकडे आहे, यात वाद नाही. पण आजार करणाऱ्या एन्टामिबा हिस्टोलिटिकाचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे, एन्टामिबा डिस्पार. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या सिस्ट हुबेहूब सारख्या दिसतात. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं ‘सिस्ट दिसल्या’ असेल तर काहीच सिद्ध होत नाही. अमिबाने गिळलेल्या लाल रक्तपेशी दिसल्या तर संशय बळावतो. खात्रीसाठी अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी. खरोखर अमिबाच असला, तरी मेट्रोनिडाझोल आतड्याच्या भिंतीतला अमिबा मारतं. पोकळीत उरलेल्यासाठी नंतर डायलोक्झानाइडसारखं दुसरं औषध लागतं, आणि पट्टी आणून खाणाऱ्याचं नेमकं तेच राहून जातं. शिवाय शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला हेही रक्ती आव देतात.

गैरसमज: जंतू आहेत, मग अँटिबायोटिक हवंच.
पुष्कळदा संसर्ग आठवडाभरात आपोआप ओसरतो. तोवर ओआरएस आणि पातळ अन्न हाच मुख्य उपचार. तापासह रक्ती आव असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी घेऊ नये. शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायमध्ये तर काही अँटिबायोटिक्समुळे मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका वाढू शकतो. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा कोलायटिस बहुधा अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरच उद्भवतो, कारण आतड्यातले उपयोगी जिवाणू मेले की त्याला रान मोकळं मिळतं. म्हणून डॉक्टरांना आधी घेतलेल्या गोळ्यांची नावं सांगायची, अगदी कुणी शेजाऱ्याने दिलेली असली तरी.

गैरसमज: शौचात काही सापडलं नाही, म्हणजे टेन्शनचा त्रास.
लोक ‘टेन्शनचा त्रास’ म्हणतात त्या आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) पोट बिघडतं, पण आतड्याला सूज नसते आणि रक्त पडत नाही. हा फरक करायला शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मोजतात. ते वाढलेलं असेल तर सूज आहे, पण ती कशामुळे हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुर्बिणीची तपासणी करून आतड्याचे बारीक तुकडे तपासायला पाठवतात. नव्या संसर्गात अस्तरातल्या ग्रंथी साधारण सरळ असतात. जुन्या दाहात त्या वाकड्यातिकड्या, फाटे फुटलेल्या दिसतात. प्रतिकारशक्ती उलटल्याने होणारे मुख्य आजार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस सहसा गुदाशयापासून सलग वर चढतो. क्रोन तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, तुकड्यातुकड्यांत होतो.

भारतात इथे आणखी एक पेच आहे. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथला क्षयरोग आणि क्रोन वेगळे ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. क्रोन समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर क्षय पसरतो. अमिबाचा कोलायटिस ओळखू न येता स्टिरॉइड दिलं तर आतड्याला भोक पडू शकतं. दुर्बिणीची भीती वाटते हे मान्य. मला अंदाजाने दिलेल्या स्टिरॉइडची भीती जास्त वाटते.

गैरसमज: तिखट खाल्ल्याने होतो.
तिखटाने किंवा काळजीने त्रास वाढू शकतो, आजार त्यांच्यामुळे होत नाही. उगाच सगळं सोडून दही-भातावर राहिलेल्या रुग्णाचं वजन मात्र घटतं.

गैरसमज: बरं वाटलं की गोळ्या बंद.
संसर्गात कोर्स संपतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामाइन बरं वाटत असतानाही चालू ठेवावं लागतं, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता वाढते. स्टिरॉइडचं याच्या उलट: ते भडका शमवण्यापुरतं, कायमचं नाही. या औषधांनी भागलं नाही तर अझाथायोप्रिन किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं आहेत. सूज फक्त गुदाशयात असेल तर मेसालामाइनची गुदद्वारातून घ्यायची वडी तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा सरस ठरते. लाजेपायी अनेक जण ती टाळतात.

गैरसमज: ऑपरेशन म्हणजे आयुष्यभर पोटावर पिशवी.
आधी ऑपरेशनची वेळ कधी येते ते. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्तमिश्रित शौच आणि सोबत ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, ९० च्या वर नाडी, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर, यांपैकी एक जरी असलं तरी अल्सरेटिव्ह कोलायटिसचा तो झटका गंभीर. ट्रूलव्ह आणि विट्स यांच्या १९५५ सालच्या अभ्यासातून आलेली ही मोजणी आजही वापरतात. असा रुग्ण लगेच दाखल करायचा. शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडला आजाराने तिसऱ्या दिवसापर्यंत दाद दिली नाही, तर पुढच्या औषधाचा किंवा ऑपरेशनचा विचार सुरू होतो. मोठं आतडं काढल्यावर पिशवी लागते, पण पुष्कळांना काही काळच. नंतर लहान आतड्याचीच आतल्या आत थैली शिवून ती गुदद्वाराला जोडतात आणि रुग्ण नेहमीच्या मार्गाने शौचाला जाऊ शकतो.