जहाज एक, व्हिसा कितीदा?

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचे तिकीट काढताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : शेंगेन व्हिसा लागतो ना? लागतो. पण तो एकदाच प्रवेश देणारा की अनेकदा, हे त्याहून महत्त्वाचे.

समजा, जहाज अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघाले, तुर्कस्तानच्या कुशादासीला थांबले आणि मग सँटोरिनीला आले. ग्रीस शेंगेन क्षेत्रात आहे, तुर्कस्तान नाही. म्हणजे कुशादासीला जाताना तुम्ही शेंगेनबाहेर पडलात आणि सँटोरिनीला पुन्हा आत आलात. एका प्रवेशाचा व्हिसा इथे संपतो. याउलट बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ अशी सगळी बंदरे शेंगेनमधलीच असतील, तर ही अडचण येत नाही. क्रोएशियाही 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आला. शेजारच्या माँटेनेग्रोतले कोटोर मात्र बाहेरच आहे.

अर्ज कुठे करायचा? ज्या शेंगेन देशात सर्वाधिक दिवस, त्या देशाकडे; दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश, तिथे. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळी सुट्टीत भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून शेवटच्या दिवसांवर विसंबू नये. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी बंदरांची यादी हातात घ्या आणि प्रत्येक नावापुढे देश लिहा.