‘अनिश्चित वंशाचा’ हवाई अधिकारी

ब्रिटिश हवाई दलात अधिकारी व्हायचे तर माणूस शुद्ध युरोपीय वंशाचा हवा, असा नियम १९३९ पर्यंत होता. त्या वर्षी महायुद्ध पेटले आणि ऑक्टोबरमध्ये नियम सैल झाला. तोही युद्धापुरता! गोऱ्या वैमानिकांच्या प्रेतांचे ढीग वाढू लागले, तेव्हा साम्राज्याला वसाहतींतील काळी पोरे आठवली.

त्यांतलाच एक साय ग्रँट. ब्रिटिश गयानात १९१९ साली जन्मलेला, धर्मोपदेशकाचा मुलगा. १९४१ मध्ये तो हवाई दलात गेला आणि लँकेस्टर या बाँबफेकी विमानावर दिशादर्शक अधिकारी झाला. जून १९४३ मध्ये, तिसऱ्याच मोहिमेत, त्याचे विमान हॉलंडवर पाडले गेले. जर्मनांच्या हाती सापडून तो दोन वर्षे युद्धकैदी होता. नाझी पक्षाच्या मुखपत्राने त्याचे छायाचित्र छापले. खाली मजकूर काय? ‘अनिश्चित वंशाचा हवाई दल सैनिक’! त्याचा हुद्दा, त्याचे शौर्य यांना किंमत नव्हती. वंश कोणता, एवढाच प्रश्न.

नाझींचे सोडा. ज्यांच्यासाठी तो लढला त्यांनी काय केले? वंशभेदाशी कायद्याने लढावे म्हणून त्याने १९५० मध्ये लंडनच्या मिडल टेंपलमधून बॅरिस्टरी मिळवली. पण वकिली करायला जागा मिळेना. सनद हातात असूनही चेंबरचे दार न उघडणे म्हणजे काय, हे आम्हा वकील मंडळींना वेगळे सांगायला नको. येथे लेखी नियम नव्हता, म्हणूनच त्यावर अपीलही नव्हते.

ग्रँट खचला नाही. नट, गायक झाला. १९५७ पासून बीबीसीच्या ‘टुनाइट’ कार्यक्रमात तो दिवसाच्या बातम्या कॅलिप्सोच्या चालीवर गाऊ लागला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर नियमित दिसणारा तो पहिला काळा चेहरा. एकाच साच्यात अडकू नये म्हणून लोकप्रियता असतानाच त्याने ते काम सोडले. १९७४ मध्ये काळ्या कलावंतांसाठी ड्रम आर्ट्स सेंटर उभारण्यात पुढाकार घेतला. स्वतःला दार मिळाले म्हणून तो इतरांना विसरला नाही, हे महत्त्वाचे.

२००६ मध्ये त्याने युद्धाच्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाला नाव दिले तेच, नाझी वृत्तपत्राने चिकटवलेले. २०१० साली तो गेला.

गरजेपुरते उघडलेले दार हक्क ठरत नाही. गरज सरली की ते बंद होते. आणि शत्रूने दिलेली शिवी स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर छापली, की ती शिवी राहत नाही, पुरावा होते.