कारल्यातली अळी आणि चुकीचा सापळा

पालघर तालुक्यातील मुरबे या किनाऱ्यावरील गावासारख्या दमट हवेतील परसबागांत पावसाळी मांडवावरची कारली, पडवळ आणि काकडी वाकडी होऊन आतून सडू लागतात, तेव्हा बहुधा वेलवर्गीय फळमाशीच त्यास कारणीभूत असते. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात आणि पूर्ण वाढल्यावर जमिनीत शिरून कोषात, म्हणजे माशी होण्यापूर्वीच्या निश्चल अवस्थेत जातात. अळी फळाच्या आत सुरक्षित असल्याने वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आंबा बागायतदारांच्या परिचयाचा आहे, परंतु त्यातील मिथाइल युजेनॉल हे रसायन आंब्यावरील फळमाशीच्या नरांना खेचते, वेलींवरील माशीच्या नरांना नव्हे. त्यांच्यासाठी ‘क्यू ल्युअर’ची वडी लागते, आणि हा भेद विक्रेत्यानेच सांगायला हवा. सापळ्यात केवळ नर अडकत असल्याने, आधीच फळलेल्या माद्यांपासून कोवळी फळे वाचवण्यासाठी त्यांना कागदी पिशवी बांधणे आणि किडकी फळे खतखड्ड्यात न टाकता घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवणे अधिक परिणामकारक ठरते. जपानने ओकिनावा बेटांवरून हीच वेलींवरील माशी, वंध्य केलेल्या माश्या सोडून, 1993 पर्यंत हद्दपार केली.