विंचवाचे विष आणि पेशीचे कुलूप

शेणींच्या ढिगात, दगडाखाली, कौलांत विंचू दडतो. त्यातला लाल विंचू दिसायला लहान, पण विषाने जहाल. तो चावला, तर धडधाकट माणूसही दगावू शकतो. असे का होते? आणि औषधाने तो वाचतो कसा? पाहू या.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर कोट्यवधी पेशींचे. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्या पडद्यात प्रथिनांची कुलपे असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. शिवाजी पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचे कुलूप घ्या. त्याला त्याचीच किल्ली लागते. ग्राहीचेही तसेच.

आपल्या गोष्टीतला ग्राही म्हणजे एक लांब धागा. गोधडीला टाके घालावेत, तसा तो पडद्यातून सात वेळा आरपार गेलेला असतो. त्यामुळे मध्ये खोबण तयार होते. खोबणीत किल्ली बसली, की धाग्याचा आकार थोडा बदलतो आणि आत निरोप पोचतो. किल्ली मात्र बाहेरच राहते. अशा ग्राहींच्या अभ्यासाबद्दल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणूस घाबरला, की अंगात ॲड्रेनलिन नावाचा रस सुटतो. हीच ती किल्ली. ती रक्तवाहिनीच्या कुलपात बसली, की वाहिनी आवळते. विंचवाच्या विषाने मज्जातंतू भडकतात आणि असल्या किल्ल्यांचा पूर येतो. मग दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून हृदय थकते. फुफ्फुसात पाणी साचते. मरण येते ते असे.

रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर ‘प्राझोसिन’ हे रक्तदाबाचे औषध वापरले. हे औषध त्याच खोबणीत जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. जागा अडली, की खऱ्या किल्लीला शिरता येत नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. त्यांचा हा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मंडळी, विंचू चावला तर मांत्रिकाच्या ओट्यावर वेळ घालवू नका. मंत्राने कुलूप अडत नाही. तडक सरकारी दवाखाना गाठा. तिथे गरजेप्रमाणे प्रतिविषही देतात. घरच्या घरी गोळी मात्र घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरला, तर तोही जिवावर बेततो.