लेबलाच्या फोटोसाठी कोणती फुकट साइट वापरायची?

मैत्रिणींनो, दिवाळी जवळ आली की आपल्यातल्या कितीतरी गटांची लेबलं छापायला संभाजीनगरच्या फेऱ्या सुरू होतात. मागच्या वर्षी मीही गुलमंडीजवळच्या एका छपाईवाल्याकडे गेले होते, कारळाच्या चटणीचं लेबल घेऊन. दादांनी मोबाइलवर फोटो मोठा करून पाहिला नि म्हणाले, "ताई, हा फाटेल." म्हणजे छापल्यावर धूसर येईल. चूक माझीच होती. फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवरून घेतलेला, वर एका साइटवर मागचं पडद्याचं चित्र पुसलेलं, आणि तिथून उतरवलेली फाइल केवढी आहे ते पाहिलंच नाही. एसटीचं भाडं वाया गेलं.

तेव्हा आधी मापाचा हिशेब घ्या. चांगल्या छपाईला एका इंचाला 300 ठिपके, म्हणजे पिक्सेल, धरतात. तीन इंच रुंद फोटो छापायचा तर रुंदी 900 पिक्सेल हवी. रिमूव्ह डॉट बीजी ही साइट मागची बाजू झटक्यात काढते, पण फुकटात साधारण पाव मेगापिक्सेलचंच चित्र देते. म्हणजे 500 बाय 500. छापल्यावर पावणेदोन इंचही भरत नाही. व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवायला ते चालतं, लेबलाला नाही. आणि व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तर तो लहान होत नाही.

कॅनव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंय. मोबाइलवर सोपं, तयार नमुने भरपूर, मराठी टाइप होतं. खातं मात्र उघडावं लागतं. ज्या चित्रावर छोटा मुकुट दिसेल ते पैशाचं, आणि मागची बाजू पुसायची सोयही तिथे पैशाचीच. प्रदर्शनाचा फलक, दरपत्रक, सणाच्या शुभेच्छा यांना माझं मत कॅनव्हालाच.

पण लेबलासाठी मी फोटोपियाच सांगेन. खातं नाही, पैसे नाहीत, बाजूला जाहिराती तेवढ्या दिसतात. मोबाइलवर बटणं फार बारीक पडतात, म्हणून प्रभागसंघाच्या ऑफिसातल्या संगणकावर बसा. पहिल्या दिवशी डोकं चक्रावेल. माझंही चक्रावलं होतं. खरा फायदा वेगळाच आहे: छपाईवाल्याची फोटोशॉपमधली पीएसडी फाइल त्यात उघडते. वजन 100 ग्रॅमचं 200 करायचं, किंमत बदलायची, एवढ्यासाठी दर वेळी शहर गाठायला नको. लेबलाचे पैसे देतानाच दादांकडून ती फाइल मागून घ्या. अक्षरं वेगळ्या थरावर ठेवा, चित्रात मिसळू नका, असंही सांगा. एक अडचण येते. आपल्याकडे बरीच मराठी छपाई श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तो फॉन्ट नसेल आणि ती ओळ बदलायला गेलात, तर अक्षरांची नुसती खिचडी होते. मजकूर युनिकोडमध्ये करून द्या म्हणावं. एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर मात्र छापण्याआधी दोघींनी मिळून वाचायचा. एक आकडा चुकला तर सगळा गठ्ठा वाया जातो.

आता फॉर्मचं. ऑनलाइन फॉर्म कधी 50 केबीच्या आतला फोटो मागतो, आणि आपण गूगलवर पहिली सापडेल त्या साइटवर आधार कार्ड, पासबुक सगळं चढवून मोकळ्या होतो. बायांनो, असं करू नका! तो कागद कुणाच्या संगणकावर जाऊन बसला ते आपल्याला कळत नाही. गूगलच्या क्रोम विभागातल्या मंडळींनी केलेली स्कूश नावाची साइट आहे. ती फोटो आपल्याच ब्राउझरमध्ये लहान करते, बाहेर पाठवत नाही. फोटोपियाचंही तसंच. खात्री करायची तर पान पूर्ण उघडल्यावर नेट बंद करा आणि मग फोटो घाला. काम झालं तर ते तुमच्याच मशीनवर झालं. पान बंद करून मग नेट चालू करा.

रंग वाढवायचा मोह मात्र आवरा. मिरचीची चटणी फोटोत लालभडक केली आणि पुडीतून विटकरी निघाली, तर गिऱ्हाईक पुडीवरच विश्वास ठेवत नाही.

आमचा फोटो शेवटी नव्याने काढला. सकाळी ओसरीत, उन्हाच्या आडोशाला. कारळाची चटणी काळी, स्टीलच्या वाटीत नुसता डाग दिसायची, म्हणून पांढऱ्या बशीत घेतली आणि शेजारी अर्धी भाकरी ठेवली. मागचं पुसायची गरजच उरली नाही. फोटोपियात कडा कापल्या, उजेड किंचित वाढवला, बस्स. दादांनी या वेळी पेनड्राइव्ह घेतला आणि किती हजार छापायची तेवढंच विचारलं.