परदेशात राहताना गावची बँक

वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी दिलेला चेक परत आला. शेरा होता, 'सही जुळत नाही'. ते खातं अठराव्या वर्षी सांगलीतल्या एका बँकेत उघडलेलं. फॉर्मवर मी देवनागरीत सही केली होती, आडनावावरची रेघ शेवटपर्यंत ओढून. पुढे पासपोर्टवर इंग्रजी सही आली, नोकरीच्या करारावरही तीच. जर्मनीत दहा वर्षं काढल्यावर जुनी सही हातातून पार गेली. बँकेच्या कार्डावर मात्र अठरा वर्षांच्या मुलाचीच सही होती आणि शाखेचं म्हणणं एकच, 'नवी सही द्यायची तर समक्ष या.' चुलतभाऊ तीन वेळा खेटे घालून आला. दर वेळी नवा कागद मागितला गेला. पैसे माझेच होते, पण दवाखान्याचं बिल भावाने उसनवारीवर भरलं.

तेव्हापासून या विषयातले नियम मी बारकाईने वाचले. दूर राहणाऱ्या माणसासाठी रिझर्व्ह बँकेने बऱ्याच वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. अडचण अशी, की त्या ना आपल्याला ठाऊक असतात, ना बऱ्याचदा काउंटरवरच्या माणसाला.

आधी खात्याचा प्रकार बदला

नोकरीधंद्यासाठी देश सोडला की फेमा, म्हणजे १९९९च्या परकीय चलन कायद्याच्या नजरेत माणूस अनिवासी होतो. २००३पासून शिकायला गेलेले विद्यार्थीही यात धरले जातात. आयकराचा १८२ दिवसांचा हिशेब वेगळा. दोन्हींची गल्लत करून लोक 'अजून सहा महिने झाले नाहीत' म्हणत बसतात. निघताना बँकेला लेखी कळवून साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं असतं. मी ते केलं नव्हतं. चेक परत आल्यावर जी कागदपत्रांची मालिका सुरू झाली, तिचं मूळ तिथे होतं.

एनआरओ खात्यात भारतातलं उत्पन्न येतं : घरभाडं, लाभांश, पेन्शन. परदेशातली कमाई पाठवायची तर एनआरई खातं. त्यातलं व्याज भारतात करमुक्त आणि रक्कम व्याजासकट हवी तेव्हा परत नेता येते. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के कर आणि वर उपकर कापला जातो. भारत-जर्मनी करारात व्याजावरच्या कराची कमाल मर्यादा १० टक्के आहे. तिचा फायदा हवा तर तिथल्या कर कार्यालयाकडून रहिवासाचा दाखला घेऊन तो दर वर्षी बँकेत द्यावा लागतो. बँक आपणहून आठवण करेल, या भरवशावर राहू नका.

ओटीपी

नेटबँकिंग, कार्ड, पत्ता बदलणं, सगळ्याच्या दाराशी ओटीपी. तो येतो जुन्या भारतीय नंबरवर, आणि रिचार्ज न केलेलं सिम काही महिन्यांत बंद पडून तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. परदेशी नंबर खात्याला जोडून मिळतो का, हे निघण्यापूर्वीच विचारा. मिळत नसेल तर भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवा. त्याचा खर्च परवडतो. सिम गेल्यावर होणारी धावपळ परवडत नाही.

यूपीआयचं दार जानेवारी २०२३मध्ये अनिवासी खात्यांना परदेशी नंबरवर उघडलं, ते सुरुवातीला १० देशांसाठी. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती त्यात होते. जर्मनी नव्हता.

केवायसीसाठी 'समक्ष या' म्हणाले तर

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर. केवायसी ठरावीक काळाने नवी करावी लागते : जास्त जोखमीच्या ग्राहकांना दोन वर्षांनी, मध्यम जोखमीला आठ, कमी जोखमीला दहा. माहितीत काहीच बदल नसेल, तर तसं स्वतःचं निवेदन पुरतं. ते नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाइलवरून किंवा पत्रानेही देता येतं.

कागदपत्रं द्यायचीच असतील तर अनिवासी ग्राहकाच्या प्रती परदेशातच साक्षांकित करून चालतात. तिथला नोटरी, न्यायाधीश, भारतीय वकिलात, भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतला अधिकृत अधिकारी, यांपैकी कुणीही ते करू शकतो. माझ्या शाखेने 'फक्त वकिलातीचाच शिक्का' असं सांगितलं होतं. मी रजा टाकून, रेल्वेने म्युनिकला जाऊन तो आणला. राहत्या गावातल्या नोटरीचा शिक्काही नियमात बसत होता, हे नंतर वाचलं. एक दिवसाची रजा वाया गेली. रोजंदारीवर राबणाऱ्या आखातातल्या माणसासाठी तो एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न असतो.

व्हिडिओ केवायसीचा उपयोग मात्र परदेशातून होत नाही. ग्राहक प्रत्यक्ष भारतात असल्याची खात्री बँकेला करावी लागते आणि परदेशी आयपी पत्त्यावरून आलेली जोडणी रोखावी लागते.

नाव आणि सही

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. काही घरांत तर मुलीचं पहिलं नावही बदलतात. मग पॅन माहेरच्या नावाचं, पासपोर्ट सासरच्या आणि पासबुक दोहोंच्या मधलं काहीतरी. लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद यांची साक्षांकित प्रत कायम जवळ ठेवा. आणि देवनागरीत सही असलेल्यांनो, ती रोज करत नसाल तर पुढच्या भारतभेटीत नवा नमुना देऊन या.

निष्क्रिय खातं

दोन वर्षांहून जास्त काळ आपण काहीच व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. बँकेने स्वतः जमा केलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. बचत खात्यावर व्याज मिळत राहतं. १ एप्रिल २०२४पासून ते खातं पुन्हा चालू करायला शुल्क घेता येत नाही आणि अशा खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. दहा वर्षं हात लागला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. हक्क तेव्हाही बुडत नाही. आईवडिलांची विसरलेली ठेव शोधायची असेल, तर २०२३मध्ये सुरू झालेलं 'उद्गम' पोर्टल बघा.

घर विकलं, पैसे न्यायचेत

एनआरओमधून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. कर भरल्याचे पुरावे आणि सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र लागतं. मुखत्यारपत्र भावाला देणार असाल तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे.

दाद मागताना

फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. प्रत्येक मागणी ईमेलने करा, 'कोणत्या नियमानुसार हा कागद हवा' हे विचारा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. माझ्या शाखेने चौथा कागद मागितला तेव्हा मी हाच प्रश्न लिहून पाठवला, आणि तो कागद परत कधी मागितला गेला नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती विनामूल्य आहे आणि त्यासाठी भारतात यावं लागत नाही.

येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पहिल्या दोन दिवसांतलीच एक सकाळ बँकेसाठी राखून ठेवा. सही, मोबाइल नंबर आणि वारसाचं नाव या तिन्ही नोंदी तपासा, आणि पोच घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.