मॉरिशसची मोटार-प्रदक्षिणा

नकाशावर पाहिले तर मॉरिशस हे बेट अगदी चिमुकले दिसते. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर ते वसले आहे. त्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर. हे आकडे वाचून भाड्याची मोटार स्वतः चालवू इच्छिणारा प्रवासी सहज हिशेब मांडतो की, सकाळी निघावे, बेटाला एक वळसा घालावा आणि दिवेलागणीला मुक्कामी परतावे. कागदावर बिनचूक दिसणारा हा हिशेब रस्त्यावर मात्र फसतो. आणि तो फसतो तेव्हा प्रवासी अनोळखी वळणावर, अंधारात, कदाचित भर पावसात असतो. अशा बेटावरील प्रवासाची आखणी करताना अंतरापेक्षा उजेडाचे तास, वाऱ्याची दिशा आणि पाऊस यांना अधिक मान द्यावा लागतो.

प्रथम ऋतूचा विचार. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा दमट उन्हाळा. पाऊस बहुतांशी याच काळात पडतो आणि चक्रीवादळेही याच काळात येतात. मे ते ऑक्टोबर हे महिने त्या मानाने थंड व कोरडे असतात. परंतु तेव्हा आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोराने वाहतात आणि पूर्व व दक्षिण किनारे झोडपले जातात. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला असल्याने शांत राहतो. सह्याद्रीचा घाटमाथा चिंब भिजावा आणि पलीकडचा मुलूख कोरडा राहावा, तोच न्याय येथेही लागू पडतो. वारे मध्य पठारावर चढताना आपले पाणी तेथेच टाकतात. पठाराच्या काही भागांत वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. त्यामुळे किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना तासाभराच्या चढणीनंतर क्युरपीपच्या परिसरात धुके आणि रिमझिम गाठ पडते. पठारावर जाण्याचा बेत तारखेला जखडून न ठेवता, ज्या सकाळी आकाश मोकळे दिसेल त्या सकाळी अमलात आणणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी बाब उजेडाची. जून महिन्यात तेथे संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. डिसेंबरातही सातच्या आतच. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. ग्रामीण रस्ते अरुंद, त्यांच्या कडेला पदपथ बहुधा नसतो, आणि पाणी वाहून नेण्यासाठी खणलेले खोल चर मात्र पुष्कळ ठिकाणी असतात. दोन्ही बाजूंना ऊस पुरुषभर उंच वाढला की पुढचे वळण दिसत नाही. जून ते डिसेंबर हा ऊसतोडणीचा हंगाम असल्याने लदलेले ट्रक व ट्रॅक्टर रस्त्यावर संथपणे चालतात. सायकलस्वार, पादचारी आणि मोकाट कुत्री यांचीही याच रस्त्यावर ये-जा असते. म्हणून दिवसाचा शेवटचा टप्पा सूर्यास्तापूर्वी एक तास संपावा, असाच बेत आखणे इष्ट होय.

भारतीय प्रवाशाला एक मोठी सोय तेथे आपसूक लाभते. वाहने डाव्या बाजूने चालतात. १८१० साली ब्रिटिशांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले. परंतु तेथील रहिवाशांची भाषा, धर्म व कायदे त्यांनी राहू दिले. म्हणूनच गावांची नावे बव्हंशी फ्रेंच वळणाची आहेत आणि वाहतुकीची बाजू मात्र इंग्रजी. गोल चौक बरेच लागतात. तेथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी लागते. हमरस्त्यावरील कमाल वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर आहे. पण गावात शिरताच ती निम्म्याच्याही खाली येते, आणि त्या पाट्यांकडे लक्ष ठेवलेच पाहिजे.

निघण्यापूर्वी आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून घ्यावा. भारतात तो प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो व एक वर्ष चालतो. मोटार ताब्यात घेताना विम्याचे कागद वाचावे आणि अपघातात आपल्यावर किती रकमेचा भार पडेल ते विचारून घ्यावे. टायर, स्टेपनी, जॅक, दिवे आणि वायपर समक्ष तपासावे. पत्र्यावर आधीचे पोचे असतील तर त्यांची छायाचित्रे तेथेच घ्यावी. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमन दलासाठी ११५ हे क्रमांक मोटारीत डोळ्यांसमोर लिहून ठेवावे.

आता दिशा. डाव्या बाजूने वाहन चालवायचे असेल तर बेटाला प्रदक्षिणाच घालावी, म्हणजे बेट उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावे. असे केल्याने समुद्र सदैव डावीकडे राहतो. जेथे थांबावेसे वाटेल तेथे समोरून येणारी वाहने ओलांडावी न लागता मोटार सरळ कडेला घेता येते आणि शेजारी बसलेल्याला समुद्र विनाअडथळा दिसतो.

विमानतळ आग्नेय कोपऱ्यात, माहेबूर गावाजवळ आहे. लांबचा विमानप्रवास करून आल्या दिवशीच दूरचा पल्ला गाठू नये. पहिली रात्र माहेबूरलाच काढावी. दुसऱ्या दिवशी दक्षिण किनाऱ्याने ले मॉर्नपर्यंत जावे. अंतर फार नाही, पण रस्ता वळणावळणाचा आहे आणि मध्ये सुयाक येथील ग्री-ग्री किनारा थांबण्याजोगा आहे. बेटाभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळांचा बांध असून त्याच्या आत पाणी संथ असते. ग्री-ग्री येथे तो बांध तुटलेला आहे, लाटा थेट कड्यावर आदळतात. तेथील सौंदर्य काठावरून पाहावे. पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. ले मॉर्नचा उत्तुंग खडक हे एके काळी पळून आलेल्या गुलामांचे आश्रयस्थान होते. २००८ साली त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली.

तिसरा दिवस उंचावरचा. शामारेलची बहुरंगी माती आणि काळ्या नदीच्या खोऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान पाहून गंगा तलावापर्यंत जावे, आणि उजेड आहे तोवर पश्चिम किनाऱ्यावर उतरावे. याच पश्चिम भागातील कास्कावेल गावाशी मराठी माणसाचा जुना संबंध आहे. मुंबई बंदरातून मजूर म्हणून गेलेल्या कोकणातील व सातारा भागातील कुटुंबांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठीपण जपून आहेत, आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. चौथ्या दिवशी पोर्ट लुई गाठावे. मात्र सकाळची कचेरीची वेळ टळल्यावर. तेथील आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवरून भारतीय मजुरांचे तांडे या भूमीवर उतरले. २००६ पासून तेही जागतिक वारसास्थळ आहे. मुक्काम उत्तरेकडे ग्राँ बे येथे करावा. पाचव्या दिवशी काप मालेरूवरून पूर्व किनाऱ्याने बेल मार, ग्राँ पोर असे करीत माहेबूरला परत यावे. या पाच दिवसांना सहावा एक दिवस मोकळा जोडावा. पावसाने किंवा वाऱ्याने हिरावलेला दिवस त्याने भरून निघतो.

हा मोकळा दिवस चैनीखातर सुचविलेला नाही. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत अल्पावधीत कोसळलेल्या पावसाने पूर आला आणि ११ जणांचे प्राण गेले. त्यांतील काही जण रस्त्याखालील भुयारी मार्गात अडकले होते. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या वेळी त्याच शहरात रस्त्यावरील मोटारी पाण्याबरोबर वाहत गेल्या. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मध्ये दाट वस्ती अशी या शहराची ठेवण असल्याने पाणी पाहता पाहता चढते. म्हणून उन्हाळ्यात जाणाऱ्याने रोज सकाळी हवामानाचे वृत्त ऐकावे, मुसळधार पावसाचा इशारा मिळताच मोटार उंच जागी उभी करावी आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात ती कदापि घालू नये.

सणांच्या तारखाही बेत आखतानाच पाहून ठेवाव्या. महाशिवरात्रीच्या सुमारास लक्षावधी भाविक खांद्यावर कावडी घेऊन दिवसरात्र गंगा तलावाकडे पायी चालत असतात. गणेशविसर्जनाच्या दिवशी नदीकाठाकडे व समुद्राकडे मिरवणुका निघतात. या दिवसांत रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो. ज्याला त्या वाटेने जायचे असेल त्याने मोटार दूर ठेवून त्यांच्याबरोबर चालावे. ज्याला चालायचे नसेल त्याने त्या दिवशी किनाऱ्याकडचा बेत धरावा.

पाच-सहा दिवसांत एवढे बेट निश्चितपणे पाहून होते. एका दिवसात ते केवळ काचेतून मागे पडते, आणि चालवणाऱ्याच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. त्याला दिसतो तो समोरचा रस्ता. बरोबरच्या माणसांना सुखरूप परत आणणे हे चालवणाऱ्याचे पहिले काम, आणि त्या कामाची सुरुवात घरी नकाशा पसरून प्रत्येक दिवसाचा बेत थोडा तोकडा ठेवण्यापासून होते.